आकाशांतील बोलण्याची शिस्त

मराठ्यांच्या इतिहासांत ‘ध’ चा ‘मा’ केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. इ.स. १७७३ च्या ऑगस्ट महिन्याच्या ३० तारखेस पुण्याच्या शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. गारद्यांस दिलेल्या पत्रांत मूळ शब्द ‘धरावें’ असा होता. आनंदीबाईंनीं त्यांतील पहिलें अक्षर पालटून ‘मारावें’ असें केलें, असें लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. या कथेचें प्रामाण्य वादग्रस्त असेल. परंतु एका अक्षराच्या फेरफारानें माणसाचा जीव जातो, ही गोष्ट तिनें मराठी मनावर कायमची कोरून ठेविली आहे. त्या कथेंत अक्षर बदलणारा एक हात तरी होता. आकाशांत असा हातही लागत नाहीं. यंत्राची घरघर, ध्वनिलहरींतील खरखर, परक्या भाषेचा उच्चार आणि जें ऐकावयाची अपेक्षा असते तेंच ऐकूं येण्याची मनाची खोड, एवढ्यांनीं ‘ध’ चा ‘मा’ आपोआप होऊन जातो. विमानांतील वैमानिक आणि जमिनीवरील नियंत्रक यांच्या संभाषणाची जी ठराविक परिभाषा आज जगभर चालते, तिचा इतिहास म्हणजे बोललेला ‘ध’ ऐकणाऱ्यापाशीं ‘ध’ च पोहोंचावा म्हणून माणसानें केलेल्या खटपटीचा इतिहास होय.

विमानविद्येच्या बाल्यावस्थेंत ही अडचण नव्हती. कारण बोलणेंच नव्हतें. वैमानिक नदी, लोहमार्ग आणि देवळांचीं शिखरें पाहून मार्ग काढी. अमेरिकेंतील सेंट लुई येथें १९२९ सालीं आर्ची लीग नांवाचा मनुष्य निशाणें घेऊन धावपट्टीच्या कडेला उभा राही आणि एका निशाणानें ‘या’ व दुसऱ्यानें ‘थांबा’ अशी खूण करी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणलें, तेव्हां त्यांच्या लहानशा पुस मॉथ विमानांत रेडिओ नव्हता. दोन डोळे, नकाशा आणि होकायंत्र एवढ्यावर त्यांनीं तो प्रवास पुरा केला. आकाश रिकामें होतें तोंवर हें चाललें.

परंतु युरोपांत तें रिकामेपण लवकरच संपलें. लंडनजवळील क्रॉयडन आणि पॅरिसजवळील ल बूर्जे या दोन विमानतळांमध्यें पहिल्या महायुद्धानंतर उतारूंची नियमित ये-जा सुरू झाली. ७ एप्रिल १९२२ रोजीं उत्तर फ्रान्समधील पिकार्डी भागावर, खराब हवेंत, एक इंग्रज व एक फ्रेंच विमान एकाच वाटेनें समोरासमोर आलें. त्यांची टक्कर होऊन दोहोंतील मिळून सातही माणसें मेलीं. उतारूंच्या दोन विमानांची आकाशांत झालेली ती पहिली टक्कर. प्रवासाची वाट एक, हवा धूसर, आणि एकमेकांस कळविण्याचें साधन नाहीं, ही स्थिति यापुढें चालण्यासारखी नव्हती. विमानांत बिनतारी यंत्रें बसूं लागलीं आणि क्रॉयडनच्या मनोऱ्यांतून वैमानिकांशीं बोलणें सुरू झालें.

बोलणें सुरू होतांच पहिला प्रश्न उभा राहिला तो संकटाचा. समुद्रावर जहाज बुडूं लागलें म्हणजे तारयंत्रानें ‘एस ओ एस’ अशीं अक्षरें पाठवीत. तार कट्ट-कड करून वाजते तोंवर हीं अक्षरें उत्तम; परंतु तोंडानें उच्चारलीं असतां त्यांतील ‘एस’ हें अक्षर त्या काळच्या यंत्रांतून नीट ओळखूं येत नसे. क्रॉयडन येथील मुख्य रेडिओ अधिकारी फ्रेडरिक स्टॅन्ले मॉकफर्ड यांच्याकडे, कोणासही चटकन समजेल असा शब्द सुचविण्याचें काम आलें. क्रॉयडनची बहुतेक रहदारी पॅरिसशीं असल्यामुळें त्यांनीं ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाच्या उच्चाराशीं जुळणारा ‘मेडे’ हा शब्द निवडला. इंग्रजाच्या तोंडीं तो सहज बसे आणि फ्रेंचाच्या कानाला अर्थासह कळे. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें बोलून द्यावयाची संकटाची हांक म्हणून तो मान्य केला. तीन वेळां ‘मेडे’ म्हटलें कीं इतर सर्वांनीं गप्प व्हावें आणि आकाश त्या एकासाठीं मोकळें करावें, असा दंडक पडला. संकट प्राणावर बेतलेलें नसेल, पण मदत तर हवी आहे, अशा वेळेसाठीं ‘पॅन-पॅन’ हा दुसरा शब्द आला. तोही मूळचा फ्रेंचच.

दुसरा ठेवा तारयंत्राकडून वारशानें आला. पूर्वीं विमानांत एक स्वतंत्र तारतज्ज्ञ बसे आणि लांबलचक वाक्यांऐवजीं ‘क्यू’ या अक्षरानें आरंभ होणारीं तीन-तीन अक्षरांचीं संकेतचिन्हें वाजवी. त्यांतील कांहीं आजही जिवंत आहेत. उंची दाखविणारें यंत्र समुद्रसपाटीच्या हिशेबानें लावण्यास जो हवेचा दाब सांगतात, त्यास वैमानिक अद्याप ‘क्यू एन एच’ असेंच म्हणतो. ‘रॉजर’ या शब्दाची कुळकथाही अशीच आहे. ‘संदेश मिळाला’ या अर्थीं तारतज्ज्ञ ‘आर’ हें एकच अक्षर वाजवी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं सैन्यांत चालणाऱ्या वर्णमालेंत ‘आर’ चें नांव ‘रॉजर’ होतें. म्हणून बोलतांना ‘रॉजर’ म्हणूं लागले. पुढें त्या अक्षराचें नांव पालटलें, पण पोंच देणारा ‘रॉजर’ कायम राहिला. मात्र त्याचा अर्थ ‘होय’ असा नाहीं, ‘मान्य’ असाही नाहीं. ‘तुमचें बोलणें सगळें पोहोंचलें’ एवढाच त्याचा अर्थ. सांगितलें तसें करतों असें म्हणावयाचें असल्यास ‘विल्को’ हा निराळा शब्द आहे. ऐकणें आणि मानणें या दोन क्रियांमधील अंतर सामान्य व्यवहारांत आपण पुसट ठेवितों. या परिभाषेनें तें रेघ मारून वेगळें केलें.

दुसरें महायुद्ध संपण्यापूर्वींच, ७ डिसेंबर १९४४ रोजीं, शिकागो येथें ५२ राष्ट्रांनीं नागरी विमानवाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. हिंदुस्थान त्यांत होता. त्यांतून जन्मलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमानसंघटना ४ एप्रिल १९४७ पासून माँट्रियल येथें रीतसर काम करूं लागली. विमानें आतां एका दिवसांत तीन-तीन देश ओलांडीत होतीं. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें एअर-इंडिया इंटरनॅशनलचें विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गें लंडनला निघालें, तेव्हां त्याच्या वैमानिकांस वाटेवर अरबी, फ्रेंच आणि इंग्रजी या तिन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या प्रदेशांवरून जावयाचें होतें. प्रत्येकाचे उच्चार निराळे. अशा वेळीं साधें विमानाचें नांव अक्षरें सुटीं करून सांगणें हेंही कठीण होतें. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ हीं अक्षरें खरखरींतून एकसारखींच ऐकूं येतात.

म्हणून वर्णमालेचा प्रश्न हातीं घेण्यांत आला. युद्धकाळांतील ‘एबल, बेकर, चार्ली’ ही वर्णमाला इंग्रजाच्या जिभेसाठीं घडलेली होती. सर्वांस पेलेल अशी माला शोधण्याचें काम माँट्रियल विद्यापीठांतील भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल विने यांनीं केलें. शब्द इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या तिन्ही भाषांतून ओळखीचा असावा, सहज उच्चारतां यावा, आणि दुसऱ्या कोणत्याही शब्दाशीं त्याचा घोटाळा होऊं नये, अशी कसोटी होती. नवी माला १ नोव्हेंबर १९५१ पासून नागरी विमानांस लागू झाली. पण व्यवहारांत तिच्यांतील कांहीं शब्द फसले. ‘नेक्टर’ व ‘व्हिक्टर’ यांसारखे शब्द कानाला सारखेच लागत. मग ३१ राष्ट्रांच्या माणसांकडून शब्द वदवून व त्यांच्याच कानांनीं पारखून पाहिले गेले आणि सी, एम्, एन्, यू व एक्स् या पांच अक्षरांचे शब्द बदलून १ मार्च १९५६ पासून आजची माला रूढ झाली. तिच्यांत ‘आय’ या अक्षराचें नांव ‘इंडिया’ आहे. आणि भारताच्या प्रत्येक नागरी विमानाच्या नोंदणींत आरंभीं येणारीं ‘व्ही टी’ हीं अक्षरें ‘व्हिक्टर टँगो’ अशीं उच्चारलीं जातात. या मालेंतील पहिला शब्द ‘अल्फा’ लिहितांना ‘पी-एच’ ऐवजीं ‘एफ’ घालतात, आणि ‘ज्युलिएट’ च्या अखेरीस दोन ‘टी’ लिहितात. कारण शेवटचा एकटा ‘टी’ फ्रेंच मनुष्य गिळून टाकील अशी भीति होती. आंकड्यांचीही अशीच डागडुजी झाली. ‘नाइन’ हा ‘फाइव्ह’ सारखा ऐकूं येऊं नये म्हणून तो ‘नाइनर’ झाला, ‘थ्री’ चा ‘ट्री’ झाला आणि ‘फाइव्ह’ चा ‘फाइफ’ झाला. शुद्ध इंग्रजीच्या अभिमान्यास हे उच्चार गांवढळ वाटतील. परंतु येथें शुद्धता ठरविणारा कान हा व्याकरणकाराचा नसून खरखरींतून ऐकणाऱ्याचा आहे.

या शब्दांमागील यंत्रणा कशी चालते हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. एका विमानतळाच्या एका मनोऱ्याशीं बोलणारीं सर्व विमानें एकाच लहरीवर असतात. बोलावयाचें त्यानें कळ दाबावी, बोलून झालें कीं सोडावी. कळ दाबलेली असेपर्यंत त्यास दुसऱ्याचें ऐकूं येत नाहीं. दोघांनीं एकदम कळ दाबली तर तिसऱ्याच्या कानीं केवळ एक कर्कश शीळ पडते. म्हणून बोलणें थोडें, आणि ठरलेल्या क्रमानें असावें लागतें: प्रथम ज्यास हांक मारावयाची त्याचें नांव, मग स्वतःचें, मग मजकूर. मुंबईच्या विमानतळावर पश्चिमेकडे तोंड करून उड्डाण करावयाच्या मुख्य धावपट्टीची दिशा होकायंत्रावर सुमारें २७० अंश येते, म्हणून तिचें नांव २७. परंतु तें ‘सत्तावीस’ असें न म्हणतां ‘टू सेव्हन’ असें सुटें म्हणावयाचें. नियंत्रकानें ‘रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड फॉर टेकऑफ’ असें म्हटलें, कीं वैमानिकानें तेच शब्द आपल्या विमानाच्या नांवासह परत म्हणावयाचे.

हें परत म्हणणें हाच साऱ्या पद्धतीचा गाभा होय. धावपट्टीवर येणें, ती ओलांडणें, तिच्याअलीकडे थांबणें, उडणें, उतरणें, उंची, दिशा, वेग, हवेचा दाब, यांविषयींची प्रत्येक आज्ञा वैमानिकानें उच्चारून परत दिलीच पाहिजे. आणि ती बरोबर परत आली कीं नाहीं हें नियंत्रकानें ऐकलेंच पाहिजे. आपल्याकडील वेदपाठकांनीं पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे प्रकार योजून, तोच शब्द पुढून-मागून पुन्हां पुन्हां म्हणून, एकही स्वर ढळूं दिला नाहीं. आकाशांतील परिभाषेंतही पुनरुक्ति हा दोष नसून संरक्षण आहे. बोलणाऱ्याचें वाक्य त्याच्या तोंडून निघालें म्हणजे पुरें होत नाहीं. तें दुसऱ्याच्या तोंडून परत येऊन पहिल्याच्या कानांत पडतें तेव्हां पुरें होतें. हें वर्तुळ कोठेंही तुटलें तर काय होतें, याची साक्ष पुढील चार दुर्घटना देतात.

२७ मार्च १९७७, रविवार. अटलांटिक महासागरांतील कॅनरी बेटांपैकीं ग्रान कॅनरिया येथील विमानतळावर बाँबस्फोट झाला, म्हणून तेथें जाणारीं विमानें शेजारच्या टेनेरिफ बेटावरील लोस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळविण्यांत आलीं. त्यांत डच कंपनीचें एक व अमेरिकन पॅन-अॅम कंपनीचें एक, अशीं दोन प्रचंड बोइंग ७४७ विमानें होतीं. धावपट्टी एकच, बाजूचा मार्ग उभ्या विमानांनीं अडलेला, म्हणून दोन्ही विमानांस धावपट्टीवरूनच उलट चालत जावें लागलें. तेवढ्यांत दाट धुकें उतरलें. मनोऱ्यांतून विमानें दिसेनात, विमानांस एकमेकें दिसेनात, आणि जमिनीवरील हालचाल दाखविणारें रडारही तेथें नव्हतें. सर्वांची दृष्टि आतां फक्त कानांत होती.

डच विमान टोकाला जाऊन वळून उभें राहिलें. नियंत्रकानें त्यास उड्डाणानंतर कोणत्या मार्गानें जावें तें सांगितलें. ती उडण्याची परवानगी नव्हती, केवळ पुढील मार्गाची होती. परंतु तिच्यांत ‘टेकऑफ’ हा शब्द होता. डच सहवैमानिकानें ती आज्ञा परत म्हटली, आणि इतक्यांत मुख्य वैमानिकानें विमान सोडल्यामुळें घाईनें शेवटीं जोडलें: ‘वी आर नाऊ अॅट टेकऑफ.’ या वाक्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागीं उभे आहोंत’ असा होतो, कीं ‘उडत आहोंत’ असा? नियंत्रकानें पहिला घेतला आणि ‘ओ.के.’ असें म्हटलें. क्षणभर थांबून ‘थांबा, मी हांक मारीन’ असें तो पुढें म्हणाला. त्याच क्षणीं पॅन-अॅमच्या वैमानिकानें, ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोंत’, असें सांगण्यासाठीं कळ दाबली. दोन आवाज एकमेकांवर आदळले. डच विमानांत ‘ओ.के.’ स्वच्छ ऐकूं आलें. पुढील कांहीं क्षण मुख्यतः शीळ ऐकूं आली. विमान धांवतच होतें. त्यांतील यंत्रतज्ज्ञाला शंका आली; ‘तो पॅन-अमेरिकन बाजूला झालेला नाहीं का?’ असें त्यानें विचारलें. मुख्य वैमानिकानें ठासून ‘झाला’ म्हटलें. पुढें धुक्यांतून दुसरें विमान आडवें दिसलें तेव्हां उपाय उरला नव्हता. दोन्ही विमानांतील मिळून ५८३ माणसें मेलीं. डच विमानांतील २४८ पैकीं एकही वांचलें नाहीं. पॅन-अॅममधील ६१ वांचलीं.

स्पेनच्या चौकशीनें मुख्य दोष परवानगीवांचून निघालेल्या डच वैमानिकाकडे दिला. डच बाजूनें दोन्हीकडील संदिग्ध शब्दांवर भर दिला. दोष कोणाचाही असो, धडा सर्वांनीं घेतला. तेव्हांपासून ‘टेकऑफ’ हा शब्द दोनच प्रसंगीं उच्चारावयाचा: उडण्याची प्रत्यक्ष परवानगी देतांना आणि दिलेली परवानगी रद्द करितांना. एरव्हीं ‘डिपार्चर’ म्हणावें. नुसतें ‘ओ.के.’ म्हणून आज्ञेची पोंच देऊं नये. धावपट्टीवर येऊन थांबावयास सांगतांना ‘लाइन अप अँड वेट’ असें म्हणावें. हें शेवटचें वाक्य जगभर रूढ झालें तरी अमेरिकेनें आपला जुना शब्दप्रयोग सोडून तें ३० सप्टेंबर २०१० पासूनच स्वीकारलें, यावरून बोलण्याची संवय किती चिवट असते तें दिसतें. ‘होय’ साठीं असलेला ‘अफर्मेटिव्ह’ हा शब्दही असाच छाटला गेला. त्याचें व ‘निगेटिव्ह’ याचें शेपूट सारखें असल्यामुळें पहिला भाग खरखरींत बुडाला तर होयाचें नाहीं होतें. म्हणून आतां केवळ ‘अफर्म’ म्हणतात.

दुसरी घटना १९ फेब्रुवारी १९८९ ची, मलेशियांतील क्वालालंपुरजवळची. फ्लाइंग टायगर कंपनीचें मालवाहू विमान उतरण्यासाठीं येत होतें. नियंत्रकानें २,४०० फुटांपर्यंत खालीं यावें अशी आज्ञा सुट्या आंकड्यांत दिली: ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. इंग्रजींत दोन या आंकड्याचा आणि ‘पर्यंत’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चार एकच. वैमानिकांस वाटलें, ४०० फुटांपर्यंत यावयाचें. त्यांनीं परत म्हटलें तें ‘ओके, फोर झीरो झीरो’. चूक येथें उघडी पडली होती. वर्तुळ पुरें करणारा कान जागा असता तर ती तेथेंच दुरुस्त होती. ती झाली नाहीं. विमानांतील धोक्याची घंटाही वाजली, तिच्याकडे लक्ष गेलें नाहीं, आणि विमान टेंकडीवर आदळून चौघेही मेले. उंची सांगतांना ‘दोन हजार चारशें फूट’ असें हजार व शतक यांच्या नांवांसह सांगावें, हा नियम म्हणजे केवळ काटेकोरपणाची हौस नव्हे, हें या चार मृत्यूंवरून कळतें.

तिसऱ्या घटनेंत चुकीचा शब्द बोलला गेला नाहीं. योग्य शब्द बोललाच गेला नाहीं. २५ जानेवारी १९९० च्या रात्रीं कोलंबियाहून निघालेलें आव्हिआंका कंपनीचें विमान न्यूयॉर्कजवळ पोहोंचलें. हवा खराब, रहदारी दाट. विमानास वाटेंत तीन ठिकाणीं घिरट्या घालावयास लावून एक तासाहून अधिक वेळ थांबविण्यांत आलें. इंधन संपत चाललें. मुख्य वैमानिक स्पॅनिशमध्यें सहवैमानिकाला म्हणे, ‘आपण आणीबाणींत आहोंत असें त्यांस सांग.’ सहवैमानिक इंग्रजीत नियंत्रकास सांगे, ‘आमचें इंधन संपत आलें आहे.’ आणि मुख्याला म्हणे, ‘सांगितलें.’ खरोखरच त्यानें सांगितलें होतें. पण ज्या शब्दानें मनोऱ्यांतील माणूस ताडकन उभा राहतो तो ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाहीं. त्या रात्रीं उतरण्यास उतावीळ झालेलीं विमानें अनेक होतीं. साध्या वाक्यांतील संकट नियंत्रकांस ओळखूं आलें नाहीं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यापूर्वीं एकामागून एक चारही यंत्रें बंद पडलीं, आणि लाँग आयलंडवरील कोव्ह नेक या वस्तींत विमान कोसळलें. १५८ पैकीं ७३ जण मेले. सौजन्य, संकोच किंवा परभाषेची भीति यांपायीं माणूस मोठें संकट मवाळ शब्दांत सांगतो. नेमक्या त्याच क्षणासाठीं मॉकफर्ड यांनीं एक शब्द घडवून ठेविला होता.

चौथी घटना भारताच्या भूमीवरची. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं सायंकाळीं दिल्लीहून एक सौदी विमान निघालें, आणि कझाकस्तानचें एक विमान दिल्लीस उतरण्यासाठीं येत होतें. त्या वेळीं येण्याची व जाण्याची वाट एकच होती, आणि दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. नियंत्रकानें सौदी विमानास १४,००० फुटांवर आणि कझाक विमानास १५,००० फुटांवर ठेविलें. कझाक विमानास समोरून येणाऱ्या विमानाची व त्याच्या अंतराची सूचनाही दिली, आणि तिची पोंच मिळाली. शब्द नेमके होते. परंतु कझाक विमानांत नियंत्रकाशीं बोलण्याचें काम एका रेडिओ-चालकाकडे होतें; वैमानिकांचें इंग्रजी अपुरें होतें. विमान १५,००० फुटांची मर्यादा सोडून खालीं आलें आणि हरियाणांतील चरखी दादरी गांवाजवळ दोन्ही विमानें एकमेकांवर आदळलीं. ३४९ जण मेले. आकाशांत झालेल्या टकरींपैकीं इतकी प्राणहानि दुसऱ्या कोणत्याही टकरींत झालेली नाहीं. न्यायमूर्ति रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगानें कझाक विमानाचें उंची सोडून उतरणें हें कारण ठरविलें. पुढें दिल्लींत येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारें यंत्र भारतांत येणाऱ्या विमानांस आवश्यक ठरलें. वर्तुळ केवळ विमान आणि मनोरा यांच्यामध्यें पुरें होऊन भागत नाहीं. ज्याच्या हातीं सुकाणू आहे त्याच्या मनापर्यंत तें पोहोंचावें लागतें, हा या घटनेचा अर्थ.

यांतून भाषेचा मोठा प्रश्न पुढें आला. नियमानें वैमानिक जमिनीवरील केंद्राच्या भाषेंत बोलूं शकतो, पण त्यानें मागितल्यास इंग्रजीची सोय असलीच पाहिजे. स्वभाषेंत बोलण्याचा हक्क आणि सर्वांस कळण्याची गरज यांचा झगडा १९७६ सालीं दोनदां दिसला. त्या वर्षीं कॅनडांत, क्वीबेकच्या आकाशांत फ्रेंच चालावी कीं नाहीं यावरून वैमानिक व नियंत्रक यांनीं काम बंद पाडलें. पुढें १९७९ सालीं चौकशी आयोगानें, दोन भाषांनीं सुरक्षितता कमी होत नाहीं, असा निर्वाळा दिला. परंतु १९७६ च्याच १० सप्टेंबरला युगोस्लाव्हियांतील झाग्रेबवर दोन विमानांची टक्कर होऊन १७६ जण मेले, तेव्हां अखेरच्या क्षणीं नियंत्रक आपल्या देशाच्या विमानाशीं मातृभाषेंत बोलला होता, आणि दुसऱ्या, ब्रिटिश विमानांतील वैमानिकांस तें कळण्यासारखें नव्हतें. त्यांच्या कानावर पडलें तो केवळ ध्वनि होता, सूचना नव्हती.

अखेर आंतरराष्ट्रीय संघटनेनें २००३ सालीं भाषेच्या पात्रतेचे नियम केले आणि ते मार्च २००८ पासून लागू ठरले. सहा पायऱ्या नेमून देण्यांत आल्या. आंतरराष्ट्रीय मार्गावरील वैमानिक व नियंत्रक यांनीं निदान चौथी गांठलीच पाहिजे. कारण ठराविक वाक्यें नेहमींच्या प्रसंगांसाठीं पुरतात. यंत्रास आग लागली, उतारू मरणोन्मुख झाला, तर पाठ केलेल्या वाक्यांपलीकडील साधी भाषा लागते. हा नियम केवळ परभाषिकांसाठीं नाहीं. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनींही घरगुती वाक्प्रचार, लकबी व घाई टाकून सावकाश व स्पष्ट बोलावें, अशी अपेक्षा आहे. ही परिभाषा इंग्रजी शब्दांची असली तरी इंग्रजांची राहिलेली नाहीं. ती शिकावी लागते, इंग्रजांसही.

आज महासागरांवरील कित्येक मार्गांवर आज्ञा लेखी संदेशाच्या रूपानें यंत्राच्या पडद्यावर उमटतात. पण तेथेंही वाक्यें ठरलेलींच असतात आणि त्यांची पोंच द्यावीच लागते. विमानतळाच्या जवळ, जेथें क्षणाक्षणाला निर्णय करावा लागतो, तेथें अजून मानवी आवाजच चालतो.

साहित्यांत भाषेचें वैभव तिच्या विविधतेंत आहे. एक अर्थ दहा शब्दांनीं सांगतां यावा आणि एका शब्दांतून दहा अर्थ सुचावेत, यांत कवीला आनंद वाटतो. आकाशांतील परिभाषेनें नेमका उलटा मार्ग धरला: एका अर्थाला एक शब्द, आणि त्या शब्दाला तोच एक अर्थ. ही गरिबी तिनें जाणून पत्करली आहे. तिचे पुष्कळसे नियम पंडितांच्या बैठकींत सुचलेले नसून अपघातस्थळीं सांपडलेले आहेत. मुंबईच्या धावपट्टीवर आज एखादा वैमानिक ‘क्लिअर्ड फॉर टेकऑफ’ हे शब्द परत उच्चारतो, तेव्हां त्याच्या पाठीमागें बसलेल्या उतारूंस ते ऐकूं येत नाहींत. मनोऱ्यांतील मनुष्य मात्र तेवढा वेळ दुसरें कांहीं न करितां, आपलेच शब्द परक्या तोंडून जसेच्या तसे परत येतात कीं नाहीं, हें ऐकत असतो. ते बरोबर आले, कीं मगच विमान धांवूं लागतें.